‘किती देऊन मिटेल?’ : दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात तर कायद्यात नेमकं काय होतं

गेल्या गटारीला रात्री बारा-चाळीसला एका मित्राचा फोन आला. चौकात नाकाबंदी होती, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा आला ५८. आवाज कापत होता, पण प्रश्न अगदी व्यवहारी होता: ‘किती देऊन मिटेल रे?’

त्याला दोष देत नाही. हेल्मेट, सिग्नल, नो पार्किंग यांनी आपल्याला सवयच लावून ठेवली आहे की वाहतुकीचा गुन्हा म्हणजे पावती. फाडली की सुटलो. मोबाइलवर ई-चलन येतं, सहा महिने दुर्लक्ष करायचं, मग एक दिवस चरफडत भरायचं. पण दारू पिऊन गाडी चालवणं या रांगेत बसतच नाही. त्या रात्री मी त्याला ‘मिटणार नाही, वाद घालू नकोस’ एवढंच सांगितलं. बाकीचं इथे सांगतो, कारण नंतर त्याने जे जे विचारलं ते बहुतेकांना विचारायचं असतं, फक्त विचारायची वेळ रात्री बारा-चाळीसची असते.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि आपला मुद्दा त्यातल्या कलम १८५ चा. याच कायद्यात कलम २०० आहे. कोणते गुन्हे पैसे भरून कोर्टाबाहेर संपवता येतात, त्यांची यादी तिथे दिली आहे. अशा रकमेला सरकारी भाषेत तडजोड शुल्क म्हणतात आणि तिचे दर राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये वाढीव दर आणले ते याच शुल्काचे. हेल्मेट त्या यादीत आहे, सीटबेल्ट आहे. १८५ नाही. म्हणजे चौकातला हवालदार, फौजदार किंवा त्यांचा साहेब, कुणाच्याही हातात हे प्रकरण पावतीवर मिटवायचा अधिकार नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाणार आणि निकाल तिथेच लागणार. आणि जर कुणी ‘मी बघतो, पाचात होऊन जाईल’ म्हणालं, तर त्याला मराठीत तोडपाणी म्हणतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा सरळसरळ आरोपी होतो. एका गुन्ह्यातून सुटायला दुसरा करायचा, असा तो सौदा आहे.

तीसचा आकडा

भारतात मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलात की गुन्हा पूर्ण. तुम्ही सरळ रेषेत चालू शकता का, बोलणं स्पष्ट आहे का, गाडी किती छान चालवत होतात, याला इथे काही किंमत नाही. ‘मला चढतच नाही’ हा बचाव कायद्याला माहीत नाही.

परदेशातले नातेवाईक ‘आमच्याकडे दोन बियर चालतात’ म्हणतात ते आकड्यांच्या दृष्टीने खोटं नसतं. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांतही ८०. आपली ३० म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी.

३० म्हणजे ग्लासात किती? इथे थोडं गणित करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. ८० किलोच्या पुरुषाच्या शरीरात ते पसरलं की रक्तातला आकडा ढोबळमानाने ३७ ने वाढतो. म्हणजे एकच लार्ज पेग मर्यादा ओलांडू शकतो. ५५ किलोच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तोच पेग साठच्याही वर नेऊ शकतो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० ची एक बाटली म्हणजे जवळजवळ दोन लार्ज पेग, हे बियरला ‘हलकं’ समजणाऱ्यांना पटता पटत नाही. उलट बाजूला यकृत हे अल्कोहोल जाळत असतं, पण आपल्या वेगाने, तासाला साधारण १५. त्याला घाई करता येत नाही. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, या सगळ्याने माणूस जागा होतो. रक्तातलं अल्कोहोल जागचं हलत नाही.

मित्राचं वजन ८० च्या आसपास. नऊला बसले होते, बारा-चाळीसला पकडला. म्हणजे पावणेचार तासांत साधारण ५५ जळलं. ‘दोनच घेतले होते, शपथ!’ दोन लार्जचे ७५, त्यातून ५५ गेले तर उरतात २०. सुटला असता. तीनचे ११२, वजा ५५, उरले ५७. मशीन म्हणालं ५८. हे गणित अंदाजाचं आहे, जेवण, प्रकृती, पिण्याचा वेग यांनी आकडा हलतो. पण त्याच्या बायकोसमोर मी ते मांडलं नाही, एवढी मैत्री पाळली.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती लोकांना खरोखर माहीत नसते. थर्टी फर्स्टला दहा ते एक या वेळात पाच लार्ज झाले, मग घरी जाऊन झोपलात. ८० किलोच्या माणसात पाच पेगांचे मिळून १८५ च्या वर होतात, आणि दहापासूनच तासाला १५ जळत गेले तरी ३० वर यायला सकाळचे साडेआठ वाजतात. सात वाजता मुलीला क्लासला सोडायला निघालात तर तुम्ही कायद्याच्या हिशोबाने अजून प्यायलेलेच आहात. आंघोळ झालेली, चहा घेतलेला, कपडे इस्त्रीचे, तरीही.

गांजा, भांग किंवा इतर अमली पदार्थांसाठी असा आकडा नाही. तिथे कलम विचारतं की गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता का. दोन्ही गोष्टींना शिक्षा मात्र एकच.

चौकात काय होतं, काय व्हायला हवं

फुंकर मारायला सांगण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला किंवा आरटीओच्या अधिकाऱ्याला आहे. साध्या कपड्यातल्या कुणीही मशीन पुढे केलं तर आधी ओळख विचारणं रास्त आहे. तुम्ही प्यायलेले आहात असा संशय घ्यायला वाजवी कारण असावं लागतं. पण रात्री साडेबाराला बारच्या रांगेसमोरच्या रस्त्यावर काच खाली केल्यावर वास आला, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

नुकताच माउथवॉश किंवा खोकल्याचं अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर तोंडातल्या अंशामुळे आकडा खोटा फुगू शकतो. तो अंश पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. असं काही असेल तर तिथेच शांतपणे सांगा आणि थोड्या वेळाने पुन्हा फुंकू द्या म्हणा. कायदा एकापेक्षा जास्त नमुने घेऊ देतो, आणि अटक झालीच तर पोलिस ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी द्यावी लागते.

‘मी फुंकतच नाही’ हा सल्ला कट्ट्यावर फार चालतो. तो घेऊ नका. नकार दिला आणि पोलिसाला दारूचा वाजवी संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते. ठाण्यात नेऊन डॉक्टरकडून रक्ताचा नमुना मागता येतो. आणि योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ खाली कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो. म्हणजे न फुंकून जे वाचवायला गेलात ते आणखी पक्कं होतं.

एक घड्याळ मात्र तुमच्या बाजूचं आहे. पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी, नाहीतर सोडावं लागतं. ही अट कुणाची सोय म्हणून घातलेली नाही. रक्तातला आकडा दर तासाला खाली येत असतो, त्यामुळे उशिरा घेतलेला नमुना चालवतानाची गोष्ट सांगत नाही. बाईचं रक्त घ्यायचं तर ते स्त्री डॉक्टरने किंवा एखाद्या स्त्रीच्या समक्ष घ्यायला हवं, हेही कलमातच आहे.

गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे रात्रभर कोठडीत बसायचीच वेळ येते असं नाही. कागद होतात, सह्या होतात, लायसन्स ठेवून घेतलं जातं. गाडी तुम्हाला चालवू देत नाहीत. न प्यायलेलं, लायसन्स असलेलं कुणीतरी येऊन ती नेतं. मित्राची गाडी त्याच्या मेहुण्याने नेली. मेहुणा वारकरी. गाडीत बसल्यापासून घरापर्यंत तो एक शब्दही बोलला नाही, आणि त्या न बोलण्याची तक्रार मित्र अजून करतो.

दहा हजार, आणि त्याच्या मागचं

१८५ ची शिक्षा अशी: पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यापुढे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ ला कायद्यातली दुरुस्ती लागू होण्यापूर्वी हेच आकडे जास्तीत जास्त २,००० आणि ३,००० होते. त्या दुरुस्तीत एक बदल गुपचूप झाला, त्याची चर्चा झाली नाही. आधी ‘दुसरा गुन्हा’ मोजायचा तो तीन वर्षांच्या आतला. आता ती मुदत गेली. २०२० मध्ये एकदा सापडून दंड भरला असेल तर २०३५ मध्येसुद्धा तुम्ही ‘दुसऱ्यांदा’च असणार.

लोकांना दहा हजारांचा आकडा पाठ असतो, आणि तिथेच हिशोब थांबतो. माझ्या मते या कलमातली ती सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे ते लायसन्स.

लायसन्सवर दोन दिशांनी गदा येते आणि दोन्हींची गल्लत होते. पहिली आरटीओकडून. पोलिस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. तिथे तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि मग पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, दुसऱ्या वेळी लायसन्स थेट रद्द असा आदेश निघू शकतो. दुसरी दिशा कोर्टाची. कलम २० सांगतं की १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने गाडी चालवायला अपात्र ठरवलंच पाहिजे, आणि ते कमीत कमी सहा महिन्यांसाठी. बऱ्याच जणांना वाटतं गुन्हा कबूल करायचा, दहा हजार भरायचे आणि त्याच संध्याकाळी गाडी काढायची. कायद्यात तसं लिहिलेलं नाही. टॅक्सी, टेम्पो किंवा शाळेची व्हॅन चालवून पोट भरणाऱ्याला सहा महिने म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि या बंदीच्या काळात गाडी चालवताना सापडलात तर कलम १८२ लागतं: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही.

कबुली म्हणजे दोषसिद्धी. ‘दंड भरला, विषय संपला’ असं नसतं. परदेशी व्हिसाच्या किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात ‘कधी दोषी ठरलात का’ हा रकाना येतो तेव्हा खरं उत्तर ‘होय’ असतं. म्हणून वकिलाशी अर्धा तास बोलून मग काय ते ठरवावं. कोर्टाच्या व्हरांड्यात ‘साहेब, कबूल करून टाका’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर नको.

कुणाला लागलं तर

इथवरचं सगळं कुणालाही खरचटलं नाही असं धरून. अपघात झाला की मोटार वाहन कायदा मागे पडतो आणि फौजदारी कायदा पुढे येतो. १ जुलै २०२४ पासून तो म्हणजे भारतीय न्याय संहिता. त्याआधीच्या घटनांना जुनी दंड संहिताच लागते.

नव्या संहितेत बेदरकार गाडी चालवण्याला कलम २८१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर कलम १०६, पोटकलम १, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ मध्ये हीच मर्यादा दोन वर्षांची होती. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांचं जे पोटकलम लिहिलं गेलं, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला. १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवण्यात आलं.

पण खरा वाद १०६ आणि १०५ यांच्यातला आहे. १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध. त्याच्या दुसऱ्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. दोहोंत फरक एका शब्दाचा: जाणीव. हयगय झाली म्हणून माणूस मेला, की माणूस मरू शकतो हे माहीत असूनही तुम्ही ते केलंत?

हा प्रश्न आपल्याकडे नीट सुटला तो मुंबईच्या कार्टर रोडवर. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्यात एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जण गेले, आठ जखमी झाले. चालवणारा तरुण प्यायलेला होता, रक्तातला आकडा ११२. सत्र न्यायालयाने याला निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची कैद दिली. सात माणसं, सहा महिने. लोक संतापले, मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या दुसऱ्या भागाखाली तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. इतकंच नाही, तीन वर्षं तोकडीच आहेत, पण राज्याने वाढीसाठी अपील केलेलं नाही म्हणून आम्ही हात लावत नाही, असं निकालात नमूद केलं.

त्या निकालामागचा विचार साध्या भाषेत असा. त्या रस्त्याच्या कडेला मजूर झोपतात, हे तिथून जाणाऱ्याला ठाऊक असतं. इतकी दारू पोटात असताना गाडी ताब्यात राहत नाही, हेही मोठ्या माणसाला ठाऊक असतं. या दोन गोष्टी माहीत असूनही जो वेगाने गाडी हाणतो, त्याला ‘चुकून झालं’ म्हणता येत नाही. कुणाला मारायचा हेतू नव्हता, हे कोर्टही मान्य करतं. पण या भागाला हेतू लागतच नाही, जाणीव पुरते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत १९९९ मध्ये बीएमडब्ल्यू गाडीखाली माणसं चिरडली गेली त्या प्रकरणातही सुप्रीम कोर्टाने हेच कलम लावलं, मात्र भोगलेली कैद पुरेशी मानून ५० लाख रुपये आणि दोन वर्षांची समाजसेवा सांगितली. कलम एक, शिक्षा दोन तऱ्हेच्या. यावर सामान्य माणसाच्या मनात जे येतं ते माझ्याही येतं.

सगळं येऊन अडतं ते एका नळीवर

दारूचा खटला उभा राहतो आणि पडतो तो रक्ताच्या नळीवर. १९७१ मध्येच महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की तोंडाला वास येत होता, चाल डळमळत होती, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्यायला होता हे सिद्ध होत नाही, रक्त तपासायला हवं. २००२ मधला वांद्र्यातला सलमान खान यांच्यावरचा खटला सगळ्यांना आठवत असेल. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षं दिली, डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं. ते गाडी चालवत होते आणि दारूच्या अमलाखाली होते, हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही असं हायकोर्ट म्हणालं. त्यात रक्ताचा नमुना किती घेतला, कसा ठेवला, प्रयोगशाळेत कसा पोचला, यावरचे प्रश्न मोठे होते. नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची साखळी एका जागी तुटली की आकड्याला अर्थ उरत नाही.

आणि साखळी नुसती तुटत नाही, कधी कधी तोडली जाते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचा पोलिसांचा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने पहिल्यांदा जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर गदारोळ झाला. माझ्या दृष्टीने निबंधापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आली. मुलाचं रक्त अपघातानंतर कित्येक तासांनी घेतलं गेलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सरकारी रुग्णालयात तो नमुना टाकून दुसऱ्याचंच रक्त नळीत भरलं. डीएनए ताडून पाहिल्यावर हे कळलं, आणि डॉक्टरांना अटक झाली. आरोप कोर्टात सिद्ध व्हायचे आहेत. पण त्या दोन तासांच्या अटीला इतकं महत्त्व का, याचं याहून जवळचं उदाहरण नको.

किल्ली देणारे

त्याच प्रकरणात वडिलांनाही अटक झाली, दारू देणाऱ्या ठिकाणच्या लोकांनाही. महाराष्ट्रात बियर-वाइनसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. शिवाय कायद्याने प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो आणि क्वचितच कुणी मागतं, हा आपल्या राज्याचा जुना विनोद आहे.

अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. ‘मला न सांगता नेली’ हे पालकाला स्वतः सिद्ध करावं लागतं.

मोठ्यांच्या बाबतीत कलम १८८ आहे. पिऊन गाडी चालवायला जो चिथावतो किंवा मदत करतो त्यालाही तीच शिक्षा. शेजारच्या सीटवर नुसतं बसणं म्हणजे गुन्हा नाही. पण मित्राचा तोल जातोय हे दिसत असताना स्वतःच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवून ‘चल रे, काही होत नाही, तूच काढ’ म्हणणारा यात येऊ शकतो. गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरवर हे संवाद रोज होतात. कायदा केंद्राचा असल्याने तिथेही १८५ आणि १८८ जशीच्या तशी लागू आहेत.

विमा कंपनीचं पत्र

हा भाग कुणी सांगत नाही, आणि पैशाच्या हिशोबात हाच सगळ्यात जड.

कारच्या पॉलिसीत बारीक अक्षरात एक अट असते: चालक मादक पदार्थाच्या अमलाखाली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई नाही. अपघात तुमच्या चुकीने झाला की दुसऱ्याच्या, याचा त्याच्याशी संबंध नाही. आणि इथे तीसचा आकडाही पोलादी भिंत नाही. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे, योगायोगाने हीच कंपनी, फुटपाथला धडकून उलटली आणि जळाली. मालकाने विम्याचा दावा केला. रक्तातल्या अल्कोहोलचा आकडा उपलब्धच नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पॉलिसीतला ‘अमलाखाली’ हा शब्द आणि १८५ मधला आकडा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चाचणी नसली तरी बाकीच्या परिस्थितीवरून अंमल सिद्ध करता येतो, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे फौजदारी खटल्यातून सुटलेला माणूसही गॅरेजचं बिल स्वतः भरणार.

तुमच्या गाडीखाली आलेल्या माणसाचं वेगळं. त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणूनच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी भरायला लावतं. मग कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. कमावत्या तरुणाच्या मृत्यूत भरपाईचे आकडे काही लाखांवर थांबत नाहीत, आणि ती वसुली घर-जमिनीपर्यंत येते.

मित्राच्या नशिबाने त्या रात्री कुणाला काही लागलं नाही. ऑक्टोबरात तारीख लागली. वकिलाशी बोलून त्याने कबूल केलं. दहा हजार भरले, सहा महिन्यांची बंदी घेतली. ऑफिस औद्योगिक वसाहतीत, वीस किलोमीटरवर. एप्रिलपर्यंत तो कंपनीच्या बसने गेला. बस सव्वासहाला यायची, त्याच चौकात.